निकाल ९१ टक्के, पण कितीजणांपैकी?

हजेरीपट

गेली एकोणीस वर्षं मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. संख्याशास्त्र हा माझा विषय नाही. पण निकालाची टक्केवारी, हजेरी, विद्यार्थ्यांचा अभिप्राय, गळती असे तक्ते दर सत्राला भरून द्यावे लागतात आणि आजवर ते मी निमूटपणे भरत आले. या सत्राच्या शेवटी एक गोष्ट घडली, ती काही केल्या मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्या एका वर्गाच्या पटावर सुरुवातीला ७२ नावं होती. परीक्षेला ५८ जण बसले, त्यांतले ५३ उत्तीर्ण झाले. तक्त्यात निकाल गेला ९१.४ टक्के. विभागाच्या बैठकीत तो आकडा पडद्यावर आला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, मलाही बरं वाटलं. संध्याकाळी घरी हजेरीपट उघडला तर १४ नावांपुढे सहाव्या आठवड्यानंतर नुसत्या आडव्या रेघा. ५३ भागिले ७२ करून पाहिलं. ७३.६ टक्के.

दोन्ही आकडे खरे आहेत. खोटं कोणीच बोललेलं नाही. तक्त्यात रकानाच 'परीक्षेस बसलेले' असा आहे, मी तो भरला. पण त्या १४ जणांचं काय झालं, हा प्रश्न त्या ९१.४ ने बैठकीत कुणाच्या मनात येऊच दिला नाही, माझ्याही नाही. त्यांतली एक मुलगी टायट्रेशनचं वाचन तीनदा घेतल्याशिवाय वहीत लिहायची नाही. ब्युरेटची उंची डोळ्याच्या रेषेत यावी म्हणून स्टुलावर चढायची. तिची प्रयोगवही अजून माझ्या कपाटात आहे.

अंश सगळे दाखवतात, छेद कुणी दाखवत नाही, असं मला आता वाटायला लागलंय. तुमच्याकडे आकड्यांचं काय करतात? कुठे खरा उपयोग झाला, कुठे घात झाला? नुसती तक्रार नको, उदाहरणं द्या. मला शिकायचंय.


उभाआडवा

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि पहिल्या तासाला नेमका हाच प्रश्न फळ्यावर लिहितो: 'कितीजणांपैकी?'

तुमच्या छेदाचाच एक सख्खा भाऊ सांगतो. समजा एका महाविद्यालयात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी २० मुलं आणि एका वर्गात २००. माहितीपत्रकात येईल 'वर्गाची सरासरी संख्या ३८', कारण ३८० मुलं भागिले १० वर्ग. आता मुलांना विचारा, 'तुमच्या वर्गात किती जण बसतात?' २०० जण म्हणतील २०० आणि १८० जण म्हणतील २०. या उत्तरांची सरासरी ११४ च्या वर जाते. वर्ग तेच, मुलं तीच. पहिली सरासरी वर्गांवर काढली, दुसरी मुलांवर. प्रवेश घेणाऱ्या मुलाला मात्र दुसरीच अनुभवायला मिळते, कारण मोठ्या वर्गात सापडण्याची शक्यताच जास्त.

हे कागदावरचं कोडं नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मायकेल थॅडियस नावाचे गणिताचे प्राध्यापक आहेत. त्यांचं विद्यापीठ अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रमवारीत दुसरं आलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच बसून विद्यापीठाने क्रमवारीसाठी पुरवलेले आकडे तपासले. २० पेक्षा कमी मुलं असलेले वर्ग ८२.५ टक्के आहेत असं विद्यापीठ सांगत होतं. त्यांनी वर्गांच्या उघड यादीवरून मोजलं तर ६३ ते ६७ टक्क्यांच्या पुढे आकडा जाईना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. एका वर्षात शिकवण्याचा दर्जा सोळा पायऱ्या घसरत नाही. त्या माणसाने आपल्याच संस्थेचे आकडे जाहीरपणे तपासले, याचं मला आजही फार मोल वाटतं.


रिकामा_बाक

मी शिक्षक नाही. तुमच्या त्या १४ जणांतला एक होतो असं समजा. अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं. त्या वर्षीचा आमच्या वर्गाचा निकाल चांगला लागला होता. मी त्यात नापासही नव्हतो आणि पासही. मी त्यात नव्हतोच. मला कुणाचा फोन आला नाही. राग म्हणून सांगत नाही, बाहेर पडणाऱ्याला आतून कसं दिसतं ते कळावं म्हणून लिहिलं.


परीक्षाकक्ष

मी परीक्षा विभागात काम करतो. आमच्याकडे आकड्यांचा खरा उपयोग कुठे होतो, ते सांगतो.

बहुपर्यायी प्रश्नपत्रिका तपासून झाली की आम्ही प्रत्येक प्रश्नाची दोन माप काढतो. पहिलं काठिण्य: किती टक्के मुलांना उत्तर आलं. दुसरं जास्त महत्त्वाचं, भेदक्षमता. एकूण गुणांनुसार मुलं उतरत्या क्रमाने लावायची, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्यायचे. (२७ का? मापनतज्ज्ञ ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की दोन गटांतला फरकही ठळक राहावा आणि गटांत पुरेशी मुलंही असावीत, तर एवढं प्रमाण सोयीचं.) मग त्या प्रश्नाला वरच्या गटातल्या कितीजणांनी बरोबर उत्तर दिलं, त्यातून खालच्या गटातले वजा करायचे आणि गटाच्या संख्येने भागायचं. विषय कळलेल्या मुलांना प्रश्न जास्त जमत असेल तर उत्तर धन येतं.

मागे एका पेपरला ११० मुलं होती, म्हणजे गट ३०-३० चे. सतराव्या प्रश्नाला वरच्या गटातल्या चौघांना गुण मिळाले होते, खालच्या गटातल्या आठ जणांना. भेदक्षमता उणे ०.१३. म्हणजे जितका अभ्यास जास्त तितकं उत्तर चुकतं, असा त्याचा अर्थ. रात्री आठ वाजता पर्यायांची विभागणी काढली. वरच्या गटातल्या तीसपैकी २३ जणांनी 'ब' निवडला होता. उत्तरसूचीत होतं 'क'. प्रश्न काढणाऱ्या बाईंना फोन केला. शेवटच्या छपाई-तपासणीत त्यांनी पर्यायांचा क्रम बदलला होता, उत्तरसूचीतला बदल करायचा राहून गेला होता. त्यांना बिचाऱ्यांना रात्रभर झोप लागली नसेल.

सूची दुरुस्त केली. 'क' लिहिलेल्यांना एकदा दिसलेला गुण काढून घ्यायचा नाही असं ठरलं. दोन मुलं त्या एका गुणावर उत्तीर्ण झाली. आमच्याकडे हे गणित केलं नसतं तर ती दोघं नापासच राहिली असती आणि कुणालाही कधी कळलं नसतं.

म्हणून आकड्यांना सरसकट नावं ठेवली की मला वाईट वाटतं.


जुनी_शाई

परीक्षाकक्ष, तुमचं काम मोलाचं आहे यात शंका नाही. तरी माझं मत वेगळं आहे. मी बत्तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालो. निबंध वाचला की मूल कुठे उभं आहे ते मला कळायचं. त्याला प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, लागत नव्हतं. हल्ली शिक्षकाच्या नजरेवर कुणाचा विश्वासच उरलेला नाही, सगळं तक्त्यात बसवायची घाई. जे मोजता येतं तेवढंच शिकवायचं, असं होत चाललंय. याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.


उभाआडवा

जुनी_शाई सर, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांशी मी पूर्ण सहमत आहे. एखादं माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही, हे आमच्या विषयातही ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने सांगतात. त्यांनी १९७५ मध्ये ते चलनविषयक धोरणाबद्दल लिहिलं, पण ते निकालाच्या टक्केवारीला तंतोतंत लागू पडतं. ९० टक्के निकाल हवा म्हटलं की कच्च्या मुलाला परीक्षेलाच न बसवणं हा सर्वांत सोपा रस्ता ठरतो.

नजरेबद्दल मात्र विनम्र मतभेद. १९१२ मध्ये अमेरिकेतले संशोधक डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवली. १४२ शिक्षकांनी तपासून परत केली. एकाने ६४ गुण दिले होते, एकाने ९८. बाकीचे मधे सगळीकडे. भाषेचा पेपर म्हणून असं झालं असेल, असा आक्षेप आला. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तफावत आणखी वाढली. त्याच्याही आधी, १८८८ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी परीक्षेतल्या गुणांमध्ये योगायोगाचा वाटा किती, यावर निबंध लिहिला होता.

ते सगळे शिक्षक अनुभवीच होते, सर. प्रत्येकाची नजर आपापल्या जागी खरी होती. तफावत दिसली ती एकच पेपर सगळ्यांपुढे ठेवला म्हणून.


जुनी_शाई

भूमितीचं माहीत नव्हतं. विचार करतो.


खडूफळा

जुनी_शाई सरांच्या मुद्द्यावरून एक सांगावंसं वाटतं. आकडे चुकीचे वापरले जातात ते बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही. शिक्षकाला ते कसे वागतात ते कुणी शिकवलेलंच नसतं. माझंच उदाहरण घ्या.

आमच्याकडे अंतर्गत ५० आणि लेखी ५०. कागदावर दोघांचं वजन सारखं. बरीच वर्षं मी समजत होतो की वर्षभराच्या मेहनतीला निम्मं मोल आहे. एके वर्षी गुणपत्रक समोर ठेवून नीट पाहिलं. अंतर्गत गुण सगळ्यांचे ४२ ते ४७ च्या मधे, कारण तिथे कमी द्यायला आम्हांला जीव होत नाही. लेखीचे गुण १५ पासून ४८ पर्यंत पसरलेले. मग क्रम कोण ठरवतं? फक्त लेखी. अंतर्गतमध्ये ४७ मिळवलेल्या, वर्षभर राबलेल्या मुलीला लेखीत २२ मिळाले, एकूण ६९. अंतर्गतमध्ये सर्वांत कमी, ४२ मिळवणाऱ्याला लेखीत ३१, एकूण ७३. जो घटक पसरलेला असतो तोच क्रम लावतो. कागदावर काय वजन लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो.

हे कळल्यावर दोन मार्ग दिसले. एक, प्रत्येक घटकाचे गुण सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या भाषेत आणायचे, म्हणजे सरासरीपासून किती विचलनं वर किंवा खाली, आणि मग बेरीज करायची. दुसरा, अंतर्गत गुण देताना खरंच फरक करायचा. मी दुसरा निवडला. मुलं आधी नाराज झाली. कुठे कशाचे गुण गेले ते प्रत्येकाला लिहून द्यायला लागलो तेव्हा नाराजी कमी झाली. काम मात्र दुप्पट झालं, ते खरं.

सरासरीबद्दलही एक. एका वर्गाची सरासरी ५० आली म्हणून मी मध्यम गतीने शिकवत राहिलो. नंतर गुणांचा साधा आलेख काढला, वहीच्या कागदावर फुल्या मारून. निम्मी मुलं पंचविशीच्या आसपास, निम्मी पंचाहत्तरीच्या. पन्नाशीत एकही फुली नाही. वर्षभर मी ज्याच्यासाठी शिकवत होतो तो विद्यार्थी वर्गात नव्हताच.


हजेरीपट

खडूफळा, शेवटचं वाक्य वाचून थांबले. मी आजच माझ्या वर्गाच्या फुल्या मारून पाहते.

परीक्षाकक्ष यांना एक प्रश्न. आमच्याकडे पहिल्या चाचणीत ४० च्या खाली असणाऱ्यांना 'मागे पडलेले' अशा यादीत टाकतात. ३८ आणि ४२ यांत खरंच काही फरक असतो का?


परीक्षाकक्ष

हा प्रश्न खरं तर प्रत्येक यादीच्या वर छापायला हवा, मॅडम.

कोणत्याही परीक्षेचे गुण थोडे इकडेतिकडे होतातच. तेच मूल, तितकाच अभ्यास, पण प्रश्नांचा दुसरा संच आला तर गुण बदलतात. किती बदलतात याचा अंदाज काढता येतो. त्याला मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतात. गुणांचं प्रमाण विचलन घ्या. परीक्षेची विश्वसनीयता घ्या, म्हणजे परीक्षा पुन्हा घेतली तर गुण कितपत तसेच येतील याचं माप, ती ० ते १ मध्ये असते. एकातून विश्वसनीयता वजा करून वर्गमूळ काढा आणि विचलनाला गुणा. समजा विचलन १२ आणि विश्वसनीयता ०.७५. एकातून ०.७५ गेले ०.२५, त्याचं वर्गमूळ ०.५, गुणिले १२, म्हणजे ६ गुण.

याचा अर्थ ३८ मिळवणाऱ्याची खरी पातळी साधारण ३२ ते ४४ च्या दरम्यान कुठेतरी असावी, आणि तेसुद्धा तीनपैकी दोन वेळाच. ४२ वाल्याची ३६ ते ४८. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले. ३८ आणि ४२ मध्ये फरक आहे असं ही चाचणी सांगूच शकत नाही. रेषा कुठेतरी ओढावी लागते हे मान्य, पण रेषेच्या दोन्ही बाजूंच्या पाच-सहा गुणांतली मुलं परत एकदा हाताने बघावीत. आम्ही अंतिम परीक्षेत ते करतो. तुमच्या चाचण्या छोट्या असतात, प्रश्न कमी, त्यामुळे त्यांची विश्वसनीयता अनेकदा याहून कमी निघते.


उभाआडवा

यालाच जोडून, कारण 'मागे पडलेल्यांची' यादी निघाली की जादा तास येतातच. सर्वांत कमी गुणांची २० मुलं निवडली, सरासरी ३१. जादा तास घेतले, पुढच्या चाचणीत सरासरी ३९. अहवालात 'आठ गुणांची सुधारणा' असं लिहून मोकळं व्हायच्या आधी सर्वांत वरच्या २० जणांकडे बघा. माझ्या एका वर्गात तेच ८२ वरून ७६ वर आले होते. त्यांना कुणी काही केलं नव्हतं.

पहिल्या चाचणीत तळाला गेलेल्यांत काही खरोखर कच्चे असतात आणि काहींचा तो दिवस वाईट असतो. दुसऱ्या वेळी वाईट दिवस बहुधा नसतो, म्हणून गट आपोआप वर सरकतो. वरच्यांचा दिवस चांगला होता, ते खाली येतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील आणि मुलांच्या उंचीत हाच प्रकार १८८६ मध्ये मांडला. जादा तास घेऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते उपयोगी पडले का हे बघायचं तर तितकेच गुण असलेली, जादा तास न मिळालेली मुलं शेजारी ठेवून बघावी लागतात.


मधली_सुट्टी

अभिप्रायाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. पुढच्या सत्राला बोलावतील की नाही ते बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर ठरतं. गेल्या वेळी माझी सरासरी ४.१ आली, विभागाची ४.४. प्रमुखांनी मला बोलावून 'सरासरीच्या खाली' असं सांगितलं. वर्गात मुलं ४६, अर्ज भरले होते ११ जणांनी. मी खूप वेळ गप्प बसून होते. काय बोलायचं ते सुचलंच नाही.


उभाआडवा

मधली_सुट्टी ताई, पुढच्या वेळी हा हिशेब कागदावर घेऊन जा. ११ अर्जांत एकाच मुलाने ५ च्या जागी १ लिहिला तर सरासरी ०.३६ ने खाली येते. तुमच्यात आणि विभागात फरक ०.३ चा. म्हणजे एका मुलाचा एक वाईट दिवस. शिवाय उरलेले ३५ जण काय म्हणाले असते हे कुणालाच माहीत नाही. जे भरतात ते अनेकदा फार खूश तरी असतात किंवा फार नाराज तरी.

आणखी मूळचा मुद्दा आहे. १ ते ५ हे आकडे नाहीत, त्या पायऱ्या आहेत. 'बरा' आणि 'चांगला' यांतलं अंतर 'चांगला' आणि 'उत्तम' यांतल्या अंतराइतकंच आहे असं कुणी मोजलंय? एका शिक्षकाला सगळ्यांनी ३ दिले, दुसऱ्याला निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५. दोघांची सरासरी ३. पहिल्याचा वर्ग शांत आहे, दुसऱ्याच्या वर्गात काहीतरी मोठं घडतंय. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क आणि त्यांचे सहकारी रिचर्ड फ्रायश्टॅट यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच लिहिलं: सरासरी छापूच नका, किती जणांनी कोणती पायरी निवडली आणि किती जणांनी भरलंच नाही ते छापा. कॅनडातल्या रायरसन विद्यापीठाच्या वादात तर २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला की पदोन्नतीसाठी शिकवण्याची परिणामकारकता या सरासऱ्यांवरून मोजता येणार नाही.

मुलांचं ऐकूच नये असं नाही. 'आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो का', 'वही वेळेवर परत मिळते का' हे मुलंच सांगू शकतात. शिकवणं किती परिणामकारक आहे हे ठरवायला वेगळी साधनं लागतात.


मधली_सुट्टी

०.३६. लिहून ठेवलं. आभार.


खडूफळा

ठरलेल्या वक्रात गुण बसवण्याबद्दल, म्हणजे किती जणांना कोणती श्रेणी हे आधीच ठरवून टाकण्याबद्दल, कुणीतरी लिहायला हवं होतं, मीच लिहितो. २०२० मध्ये महासाथीमुळे इंग्लंडमध्ये ए-लेव्हल, म्हणजे शाळा संपतानाच्या, परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी श्रेणी आणि वर्गातला क्रम दिला, आणि ऑफक्वाल या परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल वापरून एका सूत्राने त्या श्रेणी बदलल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आलेल्या होत्या. एखाद्या शाळेत पूर्वी कुणाला वरची श्रेणी मिळालेली नसेल तर यंदाच्या हुशार मुलालाही ती मिळणं जवळपास अशक्य. उलट ज्या विषयाला शाळेत पाचच मुलं, तिथे आकडेवारी पुरेशी नाही म्हणून शिक्षकांची श्रेणी तशीच राहिली. असे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरायचं ठरलं.

देशाचा एकूण निकाल आधीच्या वर्षांसारखा दिसावा हे सूत्राचं ध्येय होतं आणि ते त्याने साधलंही. एकेका मुलाला न्याय मिळेल का, हा प्रश्नच वेगळा होता.


दिशादर्शक

मी विद्यार्थी-मार्गदर्शन कक्षात आहे. रिकामा_बाक यांचा प्रतिसाद वाचल्यापासून अस्वस्थ आहे, कारण 'फोन आला नाही' हे आमच्याच कामाबद्दल आहे.

आकडे इथे खरंच कामी येऊ शकतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींवर रोज लक्ष ठेवणारी व्यवस्था सुरू केली. ८०० हून अधिक इशारे: मुख्य विषयाच्या पहिल्या पेपरला कमी गुण, चुकीचा विषय निवडणं, वगैरे. इशारा आला की सल्लागार मुलाला बोलावतो. पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २००३ मध्ये ३२ टक्के होतं, २०१४ मध्ये ५४. पण हे निव्वळ संगणकाने केलं असं समजू नका. त्यांनी सल्लागारांची संख्या वाढवली आणि थोड्याशा शुल्कासाठी अडलेल्या मुलांना छोटी मदत दिली. इशारा देणारं यंत्र आणि फोन करणारा माणूस, दोन्ही लागले.

याउलट तिथल्याच पर्ड्यू विद्यापीठात मूल एखाद्या विषयात मागे पडतंय का ते लाल-पिवळा-हिरवा दिवा दाखवून सांगणारी व्यवस्था होती. असे दिवे असलेले दोन किंवा जास्त विषय घेतलेली मुलं जास्त टिकतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. २०१३ मध्ये इतरांनी लक्षात आणून दिलं की पहिल्याच सत्रात सोडून गेलेल्याला दुसरा असा विषय घ्यायची संधीच मिळत नाही. दिव्यांमुळे मुलं टिकली, की टिकल्यामुळे त्यांना जास्त दिवे मिळाले? पुन्हा हजेरीपट यांचा छेदच.


रिकामा_बाक

इशारा चांगल्या कामासाठीच वापरला जाईल याची खात्री कोण देणार? अमेरिकेतल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नव्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि टिकणार नाहीत असं वाटणारी वीस-पंचवीस मुलं, गळतीची अधिकृत मोजणी व्हायच्या आधीच बाहेर काढावीत, अशी योजना आखली. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने ते उघड केलं. अध्यक्षांना पुढच्या महिन्यात पद सोडावं लागलं. तीच माहिती, तेच गणित. एका ठिकाणी त्यावरून फोन गेला, दुसऱ्या ठिकाणी नाव कापायचं ठरलं. भरून घेताना मुलांना सांगितलं का की हे कशासाठी?


दिशादर्शक

नाही, आम्हीही सांगत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे.


परीक्षाकक्ष

थोडं विषयांतर, पण हल्ली रोजचं आहे. लेखन माणसाने केलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेने, ते सांगणाऱ्या साधनांचे निकाल घेऊन शिक्षक आमच्याकडे येतात. '९९ टक्के अचूक आहे' म्हणतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असं साधन बंद करताना सोपा हिशेब दिला होता: वर्षाला ७५,००० निबंध आणि निर्दोष लेखनाला दोषी ठरवण्याचं प्रमाण अगदी १ टक्का धरलं, तरी सुमारे ७५० निबंधांवर नाहक ठपका. एकट्या त्या आकड्यावर चौकशी सुरू करायला मी सही देत नाही.


जुनी_शाई

दोन दिवस धागा वाचतोय. माझ्या मनात एक शंका उरली होती, ती उभाआडवा यांना विचारतो. एकूण आकडा एक सांगतो आणि आत गेलं की उलटंच निघतं, असंही होतं म्हणतात. ते खरं का?


उभाआडवा

हो सर. बर्कली विद्यापीठ, १९७३. पदव्युत्तर प्रवेशात पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्के घेतले गेले, स्त्रियांपैकी ३५ टक्के. उघड भेदभाव वाटावा असं चित्र. संख्याशास्त्रज्ञ पीटर बिकेल आणि सहकाऱ्यांनी विभागवार पाहिलं तर बहुतेक विभागांत तसा फरकच दिसेना. उलट एका मोठ्या विभागात ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्के घेतले होते आणि १०८ स्त्रियांपैकी ८२ टक्के. स्त्रियांचे अर्ज जिथे सगळ्यांनाच प्रवेश कठीण अशा विभागांकडे जास्त होते. १९७५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुली त्या विभागांकडे का वळत होत्या, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी आकड्यांच्या बाहेर, घराघरांत आणि शाळांत जावं लागतं. तिथे तुमची नजर लागते, सर.


हजेरीपट

सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला उशीर झाला.

फुल्या मारल्या. माझ्याही वर्गात दोन ढीग निघाले, खडूफळांइतके दूर नाहीत, पण दोन.

विभागप्रमुखांशी बोलले. वरचा तक्ता आहे तसाच द्यावा लागणार, तो आमच्या हातात नाही. आमच्या विभागापुरता मात्र आता तीन रकान्यांचा होणार: सुरुवातीला पटावर, परीक्षेला बसले, उत्तीर्ण. अभिप्रायाच्या पानावर कितीजणांपैकी कितीजणांनी भरला ते लिहायचं, हेही त्यांनी मान्य केलं.

मग १४ फोन केले. नऊ जण लागले. चौघांनी दुसरीकडे प्रवेश घेतलाय आणि ते छान चाललेत. तिघांची प्रयोगाची वेळ नोकरीच्या पाळीशी जुळत नव्हती. हे त्यांनी कार्यालयात सांगितलं होतं, माझ्यापर्यंत पोचलं नाही. दोघांना पहिल्या चाचणीनंतर वाटलं की आपल्याला जमणार नाही.

त्या दोघांत ती टायट्रेशनवाली मुलगी होती. तिला ३७ मिळाले होते आणि तिचं नाव 'मागे पडलेले' या यादीत लागलं होतं. यादी मीच लावली होती. काल ती वही न्यायला आली. परीक्षाकक्ष यांचा सहा गुणांचा हिशेब मी तिच्यासमोर कागदावर मांडला. तिने दोनदा करून पाहिला, वर्गमूळसुद्धा. पुढच्या सत्राच्या प्रवेशाची मुदत कधीपर्यंत आहे, तेवढं विचारून गेली.